घंटीवाला वायसन

"जो हलतो, तो फोटोत उरत नाही."

वायसन मक्वींजाने हे वाक्य एकदा सगळ्या गावासमोर उच्चारलं होतं. गोरखचिंचेच्या बुंध्याला पाठ टेकून तो उभा होता आणि त्याच्या हातात एक फोटो होता. लोक हसले होते, मग फोटो हातोहात फिरला होता, आणि फिरून परत आला तेव्हा त्याच्या कडांना माशाच्या तेलाचे डाग पडले होते.

फोटोत सरोवराचा, काठाजवळच्या उथळ पाण्याचा तळ होता. वाळूचा एक बुरूज होता, माशाच्या नराने तोंडाने वाळू उचलून उचलून रचलेला, कडा अशा रेखीव की जणू कुंभाराच्या चाकावरून आत्ताच उतरवलाय. बुरुजासमोर एक करडा पट्टा होता, चुलीतून निघालेल्या धुरासारखा.

"यात तू कुठे आहेस?" एका म्हाताऱ्याने विचारलं होतं.

"तो धूर म्हणजे मी. कॅमेऱ्यासमोरून पोहत गेलो. तोंड दिसतंय का माझं? हात? चड्डीचा रंग तरी?"

"तोंड दिसत नाही हे बरंच झालं," कुणीतरी म्हणालं. "मासे पळाले असते."

गावाला भीती अशी होती की हा पाण्यातला डोळा सरकारी आहे. कोण कुठे जाळं टाकतो हे बघायला कुणीतरी तो खाली उतरवतोय. म्हणून तामांडा मॅडमनी, त्या झोंबा शहरातल्या, कॉलेजात मासे शिकवणाऱ्या बाईंनी, आतल्या खाडीत कॅमेरा ठेवायची परवानगी मागितली तेव्हा गावप्रमुख चिंगोंडो म्हणाले होते की गावातल्या कुणीतरी जामीन राहावं. मॅडमकडे कुणी बघेना. वायसन उठला. त्याने आपलं नाव दिलं, आपल्या आईचं नाव दिलं, आणि तो ते वाक्य बोलला. बटण मी दाबणार, तो म्हणाला. उघडझाप इतकी सावकाश असते की जिवंत माणूस तिच्यात मावत नाही. स्थिर तेवढंच उमटतं. माझा शब्द.

त्याच्या शब्दाला गावात वजन होतं. त्याच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं.

तरुणपणी तो ओढजाळ्याच्या टोळीत होता. खडकात अडकलेलं जाळं सोडवायला सगळ्यात खोल तोच बुडी मारायचा, आणि अशाच एका बुडीत त्याचा डावा कान फुटला. रक्त आलं, मग पू आला, मग त्या बाजूचं जग कायमचं गप्प झालं. बुड्या संपल्या. पुढे बायको तापाने गेली. ती गेल्यावर तिच्या माणसांनी त्याला चांगली वागणूक दिली, कोंबडी कापली, दोन गोड शब्द बोलले; पण बायको नाही तर जावयाचं तिच्या गावात काय काम. एका सकाळी चटई गुंडाळून काखेत मारली आणि तो चालत आपल्या आईच्या गावी आला. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने आधी चटईकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. कुणी काही विचारलं नाही. गुंडाळलेली चटई सगळं सांगते.

गावात त्याची धाकटी बहीण एनिफा होती. आई वारल्यापासून तिचा पालक तोच. तिचं लग्न त्याने ठरवलं, तिच्या बाजूने तो बोलला, तिच्या मुलांवर बापाआधी मामाचा हक्क. एनिफाचा नवरा जाफाली पलीकडच्या किनाऱ्याचा. उंच, हसरा, हाताला चलाख. आमच्याकडे सगळेच जावई घरजावई, तसा तोही. आणि मेहुण्या-मेहुण्यांनी एकमेकांची टर उडवली नाही तर लोकांना वाटतं की घरात काहीतरी बिनसलंय. दोघेही एकमेकांना अलामु म्हणायचे, आणि या थट्टेवाचून सकाळ सुरू व्हायची नाही.

"अलामु," वायसन होडीकडे निघाला की जाफाली अंगणातून हाक मारायचा, "पाहुणे आले का सरोवरात? घंटी वाजली का? चहा टाकू?"

हे घंटीचं प्रकरण खरं होतं. मॅडमनी पहिल्या वर्षी शहरातून एक छोटंसं रिमोट आणलं होतं, चकचकीत, बोटभर काडी असलेलं. किनाऱ्यावर ते उत्तम चालायचं. पाण्याखाली वीतभर गेलं की मुकं. पाणी तसला आवाज गिळतं. कॅमेऱ्याजवळ माणूस बसवावा तर त्याच्या श्वासाचे बुडबुडे वर येतात, मासे दडतात, वाळू गढूळ होते. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने लांब तार जोडून दिली. सांध्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, वर मेण ओतलं, आणि टोकाला बाजारात मिळालं ते बटण बसवलं. दाराच्या घंटीचं. पांढरं, गोल, त्यावर एक लहानशी घंटा कोरलेली.

मॅडम बुडी मारून तीन पायांचा स्टँड तळावर रोवायच्या, पायांना दगड बांधायच्या, डोळा बुरुजाकडे वळवायच्या आणि वर येऊन किनाऱ्यावर निघून जायच्या. मग वायसन एकटा. होडी हलू नये म्हणून दोन्हीकडे नांगर टाकलेले. वाळू खाली बसेपर्यंत वाट पाहायची, मासे परत आपापल्या बुरुजावर येतील इतका वेळ द्यायचा, आणि मग अंगठा ठेवायचा. दाबून धरलं की खाली डोळा उघडा, सोडलं की मिटला. किती वेळ धरायचं हे तो जाळं ओढायच्या गाण्यावरून ठरवायचा. मनात एक कडवं म्हणायचा, टोळीत म्हणायचे त्याच संथ चालीत, आणि कडव्याच्या शेवटी अंगठा उचलायचा. उजेड कमी असेल तर दोन कडवी. त्याच्या अंगठ्याच्या पोटावर त्या कोरलेल्या घंटेचा ठसा पडायचा, दुपारपर्यंत टिकायचा.

खाली काय उघडलं आणि काय मिटलं हे त्याला दिसत नसे. पाण्याच्या पाठीवर बसून त्याने वर्षानुवर्षं अशा दाराची घंटी वाजवली, ज्यातून तो स्वतः आता आत जाऊ शकत नव्हता.

"तुझ्या बहिणीचं घर मी सांभाळतो," जाफाली म्हणायचा, "तू माशांच्या दारात उभा राहा."

"माशांना निदान स्वतःचं दार आहे," वायसन म्हणायचा. "तुला आमच्या दारात उभं केलंय, ते विसरू नकोस."

"उभं कुठे, अलामु. तुझ्या बहिणीने बसवून ठेवलंय. उठायलाच देत नाही."

आतून एनिफा ओरडायची, "दोघंही उठा आणि सरपण आणा." आणि दोघं हसायचे.

आतली खाडी पैदाशीच्या महिन्यांत बंद असते. गावप्रमुख तिच्या तोंडाशी पाण्यात पीठ सोडतात, आणि पुन्हा सोडेपर्यंत तिथे कुणी जाळं टाकत नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. बंद पाण्यात जाळं टाकणारा पोटासाठी टाकतो असं कुणी मानत नाही. तो सगळ्यांच्या उद्याच्या ताटात हात घालतो असं मानतात. बाहेरून लग्न करून आलेल्याने हे केलं तर त्याची चटई त्याच्या हातात देतात आणि वाट दाखवतात. पोरं इथेच राहतात, बायको इथेच राहते. गावच्याच माणसाने केलं तर त्याला कुठे पाठवणार? त्याचं गाव हेच. तो राहतो, पण त्याचा शब्द संपतो. तो जामीन राहू शकत नाही, पालक म्हणून उठू शकत नाही, लग्नात आणि मयतात त्याला बोलायला सांगत नाहीत. तो सगळ्यांना दिसत राहतो, एवढंच.

त्या वर्षी बंद महिन्यांत पाणी विलक्षण स्वच्छ होतं. दक्षिणेचा वारा अजून सुटला नव्हता. कॅमेरा आदल्या संध्याकाळीच रोवून ठेवला होता; पहाटे वायसनने दोन कडवी धरली, कारण उजेड राखेसारखा होता. मग मॅडम पोहत आल्या, कॅमेरा वर घेतला आणि होडीच्या काठाला धरून मागचा पडदा बघू लागल्या.

"मक्वींजा, हे बघा."

त्याने पाहिलं. बुरूज होता. त्याच्याभोवती मादीच्या येरझाऱ्यांचा निळसर धूर होता. आणि बुरुजामागे, चौकटीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत, धुक्याची भिंत उभी होती. इतकी तलम भिंत त्याने कधी पाहिली नव्हती. वरून येणारा उजेड तिच्यात अडकला होता आणि आतल्या आत विरत होता. मॅडमचा श्वास जोरात चालला होता. त्यांना ती भिंत दिसत होती.

वायसनला भिंतीच्या पायथ्याशी मांडलेली ओळ दिसली. अंड्याएवढे मातीचे गोळे, भोक पाडून दोरीत ओवलेले, वाळूवर नीट ओळीने बसलेले. उभं जाळं पाण्याच्या ओढीने डुलत होतं म्हणून त्याचं धुकं झालं. वजनं हलली नव्हती. ती उरली होती, बुरुजाइतकीच रेखीव, आणि प्रत्येक गोळ्यावर तीन नखांचे चंद्र होते. दोन शेजारी, एक खाली.

जाळ्याची वजनं आमच्याकडे बायका करतात. ओली माती हातावर वळायची, भोक पाडायचं, घराची खूण करायची आणि चुलीच्या निखाऱ्यात भाजायची. कुणी काडीने रेघ ओढतं, कुणी मक्याचा दाणा टेकवतं. तीन नखं ही वायसनच्या आईची खूण. तिच्यानंतर एनिफाची. दुसऱ्या कुणाचीच नाही.

"पुसून टाका," तो म्हणाला.

"काय?"

"मॅडम, हे पुसून टाका."

"कशाला पुसू? असं पुन्हा कधी मिळणार नाही. जन्मभर बसले तरी मिळणार नाही." मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "ते खालचे दगड आहेत ना?"

तो सांगणार नव्हता. पण इतकी वर्षं एकाच होडीत, एकाच तारेच्या दोन टोकांना, आणि त्याला वाटलं की ज्या बाईने माशाला धक्का लागू नये म्हणून इतकी खटपट केली ती माणसालाही लागू देणार नाही. त्याने सांगितलं. दगड नाहीत, माझ्या बहिणीची नखं आहेत. हे बाहेर गेलं तर तिचं घर मोडेल.

मॅडम पाण्यात तरंगत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्याकडून तुमच्या बहिणीचं नख कुणाला दिसणार नाही, मक्वींजा."

एवढं बोलून त्यांनी पडदा मिटला. पुसताना त्याने त्यांना पाहिलं नाही. तसं बघणं त्याला बरं वाटलं नसतं.

जाफाली मासे वाळवायच्या मांडवापाशी होता. बारीक उसिपा मासे पसरत होता, बोटांनी एकसारखा करत.

"अलामु, घंटी वाजली का?"

"वाजली," वायसन म्हणाला. "तुझ्या जाळ्याने दार उघडलं."

जाफालीचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले. "तूच म्हणाला होतास ना, हलतो तो उरत नाही. मी पोहत गेलो, पोहत आलो. कुठे थांबलो असेन तर सांग."

"जाळ्याची वजनं थांबली होती."

"मग हे जाळ्यालाही समजावून सांगायला हवं होतंस." तो हसला. वायसन हसला नाही. तेव्हा जाफालीने खाली पाहिलं आणि तो वेगळ्याच, गुळगुळीत आवाजात बोलला. "बाहेरच्या पाण्यात काय उरलंय, तू बघतोस. सकाळपासून ओढायचं आणि टोपलीचा तळ दिसावा. तुझेच भाचे आहेत. मी काय शौक म्हणून गेलो का? पुन्हा नाही जाणार. तुझ्या आईची शपथ."

"माझ्या आईची नको. तुझ्या आईची घे."

"बरं. माझ्या आईची."

घरामागे एनिफा मका कांडत होती. या सगळ्या बोलण्यात मुसळाचा ताल एकदाही चुकला नव्हता. वायसनने त्या तालाकडे आपला चांगला कान वळवला आणि त्याला कळलं की तिला आधीपासून माहीत होतं. वजनं चुलीमागच्या मडक्यातून काढून तिनेच हातात दिली असतील. तो परत फिरला. बहिणीचा पालक तिच्या घराला छप्पर म्हणून असतो. छप्पर गळतंय हे त्याने ओरडून सांगायचं नसतं.

मग दक्षिणेचा वारा सुटला, सरोवर गढूळ झालं, तार गुंडाळून ठेवली गेली. सकाळची टर पुन्हा सुरू झाली, आधी थोडी अडखळत, मग नेहमीसारखी. जाफाली आणखी दिलदारीने वागू लागला. पहिला भाजलेला मासा तो मेहुण्याच्या ताटात वाढू लागला. वायसन ते खात होता.

खाडी उघडायचा दिवस आला. गावप्रमुखांनी पीठ सोडलं, होड्या आत गेल्या, संध्याकाळी गावप्रमुखांच्या पडवीत थोब्वा या गोडसर पेयाचे माठ आणि न्सिमाची, मक्याच्या उकडीची, ताटं मांडली गेली. मॅडम दरवर्षी गावाला एक मोठा फोटो भेट देतात. या वर्षीचा कापडात गुंडाळलेला होता. तो भिंतीवर टांगला गेला आणि कापड निघालं.

धुक्याची भिंत. बुरूज. ओळ.

पुरुष म्हणाले, वा. एक जण म्हणाला, पाण्यात पाऊस पडल्यासारखं वाटतंय. मॅडमच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू होतं. मग पीठ चाळणारी एक बाई चाळणी हातात घेऊन फोटोजवळ गेली, नाक टेकेल इतकी जवळ, आणि तिने मागे वळून दुसरीला हाक मारली. दुसरी आली. तिसरी आली. त्यांच्यातलं बोलणं फार लांबलं नाही.

"ही एनिफाची नखं," पहिली म्हणाली.

वायसन मॅडमपाशी गेला. लोकांची पाठ त्यांच्याकडे होती. "तुम्ही म्हणाला होता," तो म्हणाला.

"मी तो त्या वजनांसाठी नाही लावला, मक्वींजा." त्या खरंच गोंधळल्या होत्या. "त्या उजेडासाठी लावला. एवढा उजेड असताना खाली कोण बघतं?"

"पोट भरायचं असतं ते सगळे," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पडवीत लोक बसले. फोटो भिंतीवरच होता. गावप्रमुख म्हणाले, राहू दे, साक्षीदाराला कशाला उठवता. पुरुष एका बाजूला चौरंगांवर, बायका दुसऱ्या बाजूला चटयांवर. मॅडमना खुर्ची दिली होती. वायसन खांबाजवळ बसला, उजवा कान आत करून.

आधी जाफालीला विचारलं.

"म्फुमु, मी पलीकडचा माणूस," जाफाली गावप्रमुखांना म्हणाला. त्याच्या तोंडावर हसण्याचा मागमूस नव्हता. "तुमच्या पाण्याच्या रीती मला इथे येऊन कळल्या. कॅमेरा कुठे, कुठल्या दिवशी, कुठल्या तोंडाने, हे मला काय माहीत? ते एकालाच माहीत असतं. ज्याच्या हातात बटण आहे त्याला. बंद महिन्यांत खाडीत होडीही त्याचीच जाते. मी कुणाचं नाव घेत नाही. तो माझा अलामु आहे."

पडवीत कुजबुज झाली. वायसनने जाफालीकडे पाहिलं. जाफाली त्याच्याकडे बघत होता, अगदी सरळ, आणि त्या नजरेत राग नव्हता, माफीही नव्हती. बुडणारा माणूस ज्या फळीकडे बघतो, ती नजर होती.

"मॅडम," गावप्रमुख म्हणाले, "तुम्ही हा फोटो आधी पाहिला असेल. तेव्हा वायसन काय बोलला?"

मॅडमनी हात मांडीवर घेतले. पुढच्या वर्षीची परवानगी या पडवीतूनच मिळायची होती. "मी नुसता कॅमेरा ठेवते, म्फुमु," त्या म्हणाल्या. "बटण मक्वींजा दाबतात."

यात खोटं काही नव्हतं.

मग एनिफाला पुढे बोलावलं. ती उठली, धाकट्याला पाठीवरून काढून शेजारणीकडे दिलं आणि फोटोपाशी गेली. तिने आईचं जुनं कापड कमरेला गुंडाळलं होतं. वायसनला तिची पाठ दिसत होती.

"नखं तुझीच ना?" गावप्रमुखांनी विचारलं.

"तीन नखं आमच्या घराची, म्फुमु. पण ही वजनं मी केलेली नाहीत. ही आईची आहेत. जुनी. आई गेली तेव्हा वाटणीत दादाकडे गेली."

वजनं कधीच वायसनकडे आली नव्हती. वजनं मुलीकडे जातात. हे तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं आणि एकीने तसं म्हटलंही. "पुरुषाला कोण वजनं देतं ग?"

"त्याला दिली," एनिफा म्हणाली. "कारण एक त्याचं होतं."

तिने बोट उचललं आणि ओळीतल्या एका गोळ्यावर टेकवलं. बाकीच्यांपेक्षा तो जरा बसका होता. त्याच्यावरचे चंद्र उलटे पडले होते, एक वर आणि दोन खाली, आणि वाकडे.

वायसनला तो होडीतल्या छोट्या पडद्यावर दिसला नव्हता. आता दिसला. आई बाजाराला गेली होती. एनिफा एवढीशी, मातीत कोपरापर्यंत बुडालेली, आणि तो, पोरीच्या कामात हात घातला म्हणून कुणी बघेल या भीतीने दाराकडे पाठ करून बसलेला. त्याने गोळा वळला. त्याने नखं टेकवली, उलटी. एनिफा पोट धरून हसली होती. कुणाला सांगू नकोस, तो म्हणाला होता. पोरं मला पोरगी म्हणतील. तिने चिमटीने तोंड शिवल्याची खूण केली होती, आणि तो गोळा बाकीच्यांच्या मधोमध निखाऱ्यात ढकलला होता. त्यानंतर एवढ्या वर्षांत, भांडणातही, थट्टेतही, तिने ते कधी काढलं नव्हतं.

"हे त्याने केलंय," ती सांगत होती. "लहान होतो आम्ही. उलटी नखं. विचारा त्याला."

पुरुषांमधून कुणीतरी हसलं, आणि लगेच थांबलं. आता फोटोत एका पुरुषाचं नख होतं. गावाला एवढं पुरे होतं.

एनिफा मागे वळली. तिने भावाकडे पाहिलं नाही. शेजारणीकडून पोर घेतलं, पाठीवर बांधलं, गाठ मारायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तिने काय मांडलं होतं ते वायसनला कळत होतं. नवऱ्याची चटई गुंडाळली गेली तर तो वाटेला लागणार आणि परत येणार नाही. पोरांना बाप नाही, टोपलीला मासा नाही. भावाला कुणी कुठे पाठवू शकत नाही. भाऊ इथेच असणार. भाऊ हा न हलणारा. तिने त्याला त्या ओळीत ठेवला होता, कारण तो तिथे टिकेल असा तिचा भरवसा होता.

हे तिने त्याला आदल्या रात्री येऊन सांगितलं असतं, तर तो हो म्हणाला असता. कदाचित तिच्याआधी त्यानेच सुचवलं असतं. पण ती आली नव्हती.

"वायसन," गावप्रमुख म्हणाले. ते म्हातारे होते आणि त्यांचा आवाज थकला होता. "तू जामीन राहिला होतास. त्या गोरखचिंचेखाली तू शब्द दिला होतास. आणि तू हिचा पालक आहेस. रीत अशी की शेवटचं पालकाने बोलायचं. तू म्हणशील ते आम्ही ऐकू. हे जाळं कुणाचं?"

बाहेर कोंबड्या उकरत होत्या. जाफालीचे दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबलेले होते. मॅडम फोटोकडे बघत होत्या. एनिफाची पाठ त्याच्याकडे होती, आणि पाठीवरचं पोर मान वळवून मामाकडे टक लावून बघत होतं, तोंडात मूठ घालून.

वायसन उठला आणि त्याने खिशातून ते पांढरं बटण काढलं. तार गुंडाळताना त्याने ते कापून घेतलं होतं. वारा सुटल्यापासून ते तो जवळच ठेवायचा. एक शब्द पुरे होता. जाफाली, एवढाच. तो जिभेवर आला होता आणि त्याला चव होती, जळक्या मातीची. त्याने अंगठा बटणावर ठेवला, सवयीने, आणि दाबून धरला. लोक वाट पाहत होते. त्याच्या ओठांची हालचाल झाली असं पुढे बसलेल्यांना वाटलं. काही जण पुढे झुकले. कडवं होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

मग कुणाचंच नाव न घेता त्याने अंगठा उचलला. बटण चौरंगावर ठेवलं. पडवीचं छप्पर खाली आलेलं आहे, तिथे सगळ्यांनाच वाकावं लागतं. तो वाकला, जाफालीच्या गुडघ्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून पुढे गेला, बायकांच्या चटयांच्या कडेने, एनिफाच्या अगदी जवळून, मुका कान तिच्याकडे करून, आणि बाहेरच्या उन्हात उतरून चालू लागला.